नऊ बोटं

कुंदाताईंनी दगड कापायच्या यंत्रावरची गोधडी ओढून काढली. वर्षभरापूर्वी याच यंत्रात दगड निसटला आणि त्यांच्या डाव्या हाताची करंगळी गेली. तेव्हाच घरातल्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की हा छंद आता संपला.

"आता उरलेल्या नऊ बोटांची पाळी का?" मधुकररावांनी दारातून विचारलं.

"नऊ पुरतात."

"अगं, कापलेले दगड मिळतात की बाजारात. हवे तेवढे आणून देतो."

"ते आधी दुसऱ्या कुणीतरी पाहिलेले असतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

माहेरच्या विहिरीच्या खोदकामात निघालेला एक ओंडका वर्षभर यंत्राशेजारी पडून होता. कोट्यवधी वर्षं जमिनीत राहून त्या लाकडाचा दगड झाला होता. कुंदाताईंनी तो पकडीत आवळला. डावा हात पात्यापासून लांब घेतला आणि मग बटण दाबलं. पातं पाणी उडवत दगडात शिरलं. मधुकरराव दारातून हलले नाहीत.

तासाभरानं ओंडका दुभंगला. कुंदाताईंनी वरचा राडा धुतला. आत झाडाची वलयं जशीच्या तशी होती, मधाच्या रंगाची. एका कडेला किडीनं पोखरलेलं भोकसुद्धा शाबूत होतं. आजवर ते कुणाच्याच नजरेला पडलं नव्हतं.

मधुकरराव जवळ येऊन वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"झालं ना आता मनासारखं?"

"कुठलं? अजून चार काप निघतील," कुंदाताई ओंडक्याचा अर्धा भाग पुन्हा पकडीत आवळत म्हणाल्या. "तो पाण्याचा पाइप धरा जरा."

त्यांनी धरला.