रमिलाबाईंची अट

"एकदा दिलं की दर वर्षी येतील," रेवजी म्हणाला आणि त्याने अर्ज टेबलावर परत सरकवला.

रिषभने नजर खाली वळवली. सकाळपासून तो भिंतीलगतच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसला होता. शहाद्याला वडिलांच्या कापडाच्या दुकानात त्याने कधी गिऱ्हाइकाला 'आणखी काही दाखवू का' एवढेही विचारले नव्हते. आज त्याला बोटीचे इंजिन मागायचे होते.

शेजारी ब्राह्मणपुरीच्या प्रतिभा सिस्टर होत्या. त्यांनी त्याला कोपराने ढोसले. "भाऊ, तू बोलस का मी बोलू?"

तो उभा राहिला. "आमचा तरंगता दवाखाना दीड महिन्यापासून किनाऱ्याला बांधून ठेवला आहे. इंजिन निकामी झालं, आणि आमच्याकडे निधी नाही. पलीकडच्या पाड्यावरच्या रुपाला नववा महिना लागलाय. बोट सुरू झाली नाही, तर तिला झोळीत घालून डोंगर उतरावा लागेल."

टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष दलसिंग चष्मा पुसत होते, दोन्ही बाजूंना रेवजी, रमिलाबाई आणि इतर सभासद बसले होते. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांवर शिशाचा गोळा ठेवला होता. खिडकीबाहेर नर्मदेचे रुंद पाणी पसरले होते. इतके स्तब्ध, की खाली बुडालेल्या शेतांनी श्वास रोखून धरला असावा असे वाटत होते.

"काम चांगलंच आहे," रेवजी म्हणाला. "पण हा पैसा घराघरातून आलाय. ज्यानं भरला, त्याला विचारायला नको? माझा भाऊ म्हणेल, माझ्या पैशानं सुया कशाला?"

"तुझा भाऊ सुईला घाबरतो, ते साऱ्या खोऱ्याला ठाऊक आहे," रमिलाबाई म्हणाल्या.

खोलीत हसू पसरले. रेवजीही हसला, पण मुद्द्यावरून हटला नाही. "ज्यांनी सेवेचं नाव घेतलंय, त्यांनी आपल्या खिशातून करावी. लोकांच्या पैशावर डोळा का?"

"तुमचं म्हणणं बरोबर आहे," रिषभ म्हणाला.

प्रतिभा सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

"पण जे सगळ्यांना लागतं आणि एकट्याला परवडत नाही," तो अडखळत पुढे म्हणाला, "त्यासाठीच तर सगळे मिळून पैसा बाजूला ठेवतात ना?"

मग दलसिंगांनी चष्मा लावला. "गेल्या साली अर्ज घेऊन आलेला माणूस वेगळा होता. पुढच्या साली आणखी तिसरा येईल. जाब कोणाला विचारायचा आम्ही?"

रिषभ फाईलची पाने उलटू लागला.

"अनुदान देऊच नका," रमिलाबाई म्हणाल्या. "लाह म्हणून द्या."

रिषभला लाह माहीत होती. डोंगरात एखाद्याच्या घरी काम निघाले की सारा पाडा मजुरी न घेता राबतो आणि जेवून परततो. मात्र ज्याने लाह घेतली, त्याला दुसऱ्याचे बोलावणे आले की जावेच लागते.

"माझं छप्पर शाकारायचंय," रमिलाबाई त्याला म्हणाल्या. "इंजिन न्या. वैशाखात कौलं चढवायला या. तुम्ही एकटे नाही हं. ज्यांच्या नावानं सही करणार, त्यांनी यायचं."

"ते येतील?" रेवजीचे डोळे चमकले. "आले तर कोंबडं माझ्याकडून."

शाकाहारी रिषभ दचकला.

"तुमच्यापुरती तुरीची डाळ," रमिलाबाईंनी त्याला धीर दिला. "हलक्या माणसाला तसंही वरच चढवतात."

या वेळी रिषभही हसला. हात वर झाले. सर्वांत उंच हात रेवजीचा होता.

"आते सही कर भो," प्रतिभा सिस्टर पुटपुटल्या. "त्यासना इचार बदलाना आगोदर."

दलसिंगांनी करार सावकाश, वळणदार अक्षरात लिहिला. देणार : मणिबेली मच्छीमार मंडळ. घेणाऱ्याची जागा त्यांनी रिकामी ठेवली. रिषभने सही केली, पिशवीतून गोल शिक्का काढला आणि त्या रिकाम्या जागेवर जपून दाबला.

शाई वाळली तेव्हा घेणाऱ्याच्या जागी राजमुद्रा उमटली होती, आणि तिच्याखाली स्वच्छ वाचता येत होते : वैशाखात रमिलाबाईंचे छप्पर शाकारण्यास शासन जातीने हजर राहील.