जास्वंदीचा फोटो

“रुद्रे, पाटी ठेव अन् भावाला घे,” ही आईची हाक रुद्राणीच्या कानात अजून ताजी होती. तिची लेक मंजुश्री मात्र शाळेच्या युट्यूब चॅनलवर गणित समजावून सांगायची, बघणाऱ्यांच्या शंकाही सोडवायची.

आज नवरा विरूपाक्ष तणतणत शाळेत गेला, तशी रुद्राणीही मागोमाग गेली.

“मॅडम, पोरीचे व्हिडिओ काढून टाका! खात्याला जास्वंदीचा फोटो लावून कोण बेशरम रोज तिला सवाल विचारतोय? नाव न्हाई, गाव न्हाई!”

“अप्पा, गणितच विचारतो ना तो?” मॅडम म्हणाल्या.

“मला शिकवू नका. पुसा सगळं!”

“एक बी पुसायचा न्हाई, मॅडम,” रुद्राणी पुढे आली. “तो बेशरम मीच हाय. अन् माझा भागाकार अजून शिकायचा राहिलाय.”