बोटांच्या बेचक्यात

"पाय पुढं कर, भिकुबाई," उखर्डूआबा म्हणाले.

ओट्यावर भाऊबंद बसले होते, मधे खाटेवर त्यांच्यातले वडीलधारे आबा. भिकुबाई साडीत पाय झाकून उभी राहिली. नवरा वना वारल्यावर केळीला पाणी तिनं स्वतः भरलं होतं आणि यांच्यातल्या एकाकडंही फावडं मागायला गेली नव्हती.

दीर सुपडूचं म्हणणं साधं होतं. भावाला जाऊन वर्ष झालं नाही आणि वहिनीच्या पायाला मेंदी. मोबाइलवर त्यानं सगळ्यांना फोटो दाखवला होता. अशी बाई उद्या दुसरं घर करील, म्हणून भावाचं शेत आजच माझ्या नावावर लावा. वहिनीच्या दाण्यागोट्याचं मी बघतो.

"दाणे कोंबड्यांना टाकतात, सुपडू," भिकुबाई म्हणाली. "मी अजून खुराड्यात बसले नाही."

ती घाबरली नव्हती. खरं काय ते सांगणारी दारातच उभी होती. धाकटी जाऊ प्रमिला, सुपडूची बायको.

पाणी भरता भरता भिकुबाईच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरी पडून सोलत होती, आत लाल मांस. पाचोऱ्याच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि बजावलं, पाय धुतल्यावर बेचकं कोरडं झालं पाहिजे. भिकुबाईची कंबर तेवढी वाकत नव्हती. मग प्रमिलाच रोज गोठ्यात यायची. पाय मांडीवर घ्यायची, एकेक बोट फाकवून सुती फडक्यानं पाणी टिपायची, हळू, फुंकर घालत. दोन घरांचं बोलणं बंद होतं, तरी यायची. कातडी भरून येऊ लागली. मेंदीही तिनंच वाटून आणली. भिकुबाई नको म्हणाली, तर हसली. "बेचक्यातलं कोणाला दिसतंय, अक्का? कातडी घट्ट होईल." रंग मात्र ओघळून बोटांवर आला.

आबा प्रमिलाकडं वळले. "मेंदी कोणी लावली, पोरी?"

"मी."

"काबर?"

प्रमिलानं पदर तोंडाशी धरला. "अक्काच म्हणाल्या, लाव."

चिखल्यांचं नाव नाही.

भिकुबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग साडी घोट्याच्या वर खेचली, पाय सरळ आबांच्या खाटेवर ठेवला आणि कंबर धरत वाकून हातानं बोटं फाकवली.

"घ्या. बघा नवरीचे पाय."

आबा चष्मा लावून वाकले. बराच वेळ वर आले नाहीत. आले तेव्हा सुपडूकडं बघूनच बोलले.

"हाई तं दवाई शे. ऊठ आते, सुपडू."

शेत भिकुबाईकडंच राहिलं. भाऊबंद चपला शोधत पांगले. ती गोठ्यात जाऊन बसली, तर मागोमाग प्रमिला आली.

"माझं घरात काय चालतं, अक्का? मेंदी लाव, हे यांनीच सांगितलं होतं."

एवढं भिकुबाईला ओट्यावरच कळलं होतं. तिला दुसरंच विचारायचं होतं.

"आणि त्याच्या आधी... रोज पाय मांडीवर घेत होतीस, ते?"

प्रमिलानं सुती फडकं उचलून त्याची घडी घातली.

"तेही."