नलिनीचं मशीन

"ठेवायचं की काढायचं, ते आता तूच ठरव," दिगंबर म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

शशिकलेला हेच हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती या शब्दांची वाट बघत होती. समोर मिस्त्री गुरबचनसिंग जमिनीवर बसून ते जुनं शिलाई मशीन पुसत होता. काळं, सोनेरी वेलबुट्टी पुसट झालेलं, पायाने चालवायचं. नलिनीचं मशीन. नलिनी म्हणजे दिगंबरची पहिली बायको. ती गेली, पण मशीन काही गेलं नाही. नागपूरहून भोपाळ, भोपाळहून एकाहत्तर साली चंदीगड. सरकारी बदली जिथे होईल तिथे दिगंबरने ते गोधडीत गुंडाळून नेलं. या शेवटच्या प्रवासात शशिकलेच्या लोणच्याच्या बरण्या फुटल्या. बंद पडलेल्या मशीनवर मात्र ओरखडासुद्धा आला नाही.

जिवंत सवत असती तर शशिकला भांडली तरी असती. भिंतीवरच्या फोटोशी काय भांडणार? फोटोत नलिनी फुग्यांच्या बाह्यांचं पोलकं घालून उभी होती. पोलकं असं बसलं होतं की कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. बाह्यांवरच्या चुण्या तर शशिकलेला पाठ झाल्या होत्या. तिला स्वतःला साधं काज करता येत नव्हतं. तिचे ब्लाउज बावीस सेक्टरमधला मास्टरजी शिवायचा आणि ते हमखास खांद्यावरून उतरायचे. दिगंबर बोलायचा काही नाही, पण त्याची नजर खांद्याच्या शिवणीवर जाऊन अडायची. करतोय तुलना, असं शशिकला मनात म्हणायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सगळ्यात जिव्हारी लागायची ती खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या हत्यारांची पूजा करायची, ही घरची रीत. शशिकला विळी आणि पाटा-वरवंटा मांडायची. दिगंबर कचेरीतला हिशेबनीस, त्याने आपलं पेन मांडावं की नाही? पेन खिशातच राहायचं. हा गृहस्थ मशीनला हळदकुंकू वाहायचा, वर झेंडूचं फूल ठेवायचा आणि डोळे मिटून हात जोडायचा. जिवंत बायको मागे आरतीचं ताट घेऊन उभी, आणि हा गेलेलीची पूजा करतोय.

यंदा नवमी तोंडावर आली तेव्हा तिने तोंड उघडलं. "चालत नाही, तर घरात कशाला? दुरुस्त तरी करा, नाहीतर भंगारात द्या." दुरुस्त होणार नाही, अशी तिची खात्री होती.

गुरबचनसिंगाने तेल सोडलं, नवा पट्टा चढवला आणि हात पुसले. "पुरजे घिस गए हैं बीबीजी, खर्चा तो होगा. अभी कामचलाऊ कर दिया है. चला के देख लो, फिर बोलो, रखना है या देना है."

"मुझे नहीं आता," शशिकला म्हणाली. एवढं कबूल करणंही तिला जड गेलं. देऊनच टाका, असं ती पुढे म्हणणार, इतक्यात दिगंबर उठला.

त्याने आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला, शेजारच्या व्हरांड्यातून दिसू नये म्हणून. मग मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं. दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि पहिल्या फटक्यात सुईत ओवलं. एक चिंधी सुईखाली सरकवली आणि पाय हलवायला लागला. मशीन धडधडत सुरू झालं. त्याचे हात कापडावर नुसते टेकले होते आणि शिवण सरळ पुढे चालली होती.

शशिकला बघतच राहिली. "तुम्हाला कसं येतं हे?"

"मामांचं शिंप्याचं दुकान होतं ना अमरावतीला. शाळा सुटली की तिथेच बसायचो." त्याने मान वर केली नाही. "नलिनीला कुठे येत होतं? बटण लावायचं म्हटलं तरी बोटात सुई टोचून घ्यायची."

"मग तिची पोलकी?"

"मीच शिवायचो. नवरा बायकोची पोलकी शिवतो म्हटल्यावर ऑफिसातले हसले असते. म्हणून ती सगळ्यांना सांगायची, मीच शिवते. मशीनलाही तिचंच नाव पडलं." त्याने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "तुझा खांदा उतरलेला दिसला की वाटायचं, विचारावं. पण तू या मशीनजवळून जाताना पदरसुद्धा आवरून जायचीस."

शशिकलेला खंडेनवमी आठवली. ज्याने त्याने आपापलं हत्यार पुजायचं. बिचारा रीतीप्रमाणेच तर वागत होता. तिला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. तिची नजर फोटोवर गेली आणि आतला जळफळाट पहिल्यापेक्षा दुणावून वर आला. नलिनीच्या हातात कला होती, हे तिने कसंबसं सोसलं होतं. पण ती एकेक चुणी याच्या हातची होती.

"तो क्या करना है बीबीजी?" मिस्त्रीने विचारलं.

"रखना है. पक्का ठीक करो."

ती आतल्या खोलीत गेली. माहेरून आलेला, ट्रंकेत तसाच पडून असलेला खण तिने आणला आणि दिगंबरच्या मांडीवर टाकला.

"माप घ्या. फुग्यांचं पोलकं शिवा."

"अगं, आता कोण घालतं फुगे? फॅशन कधीच गेली."

"जाऊ दे," फोटोवरची नजर न काढता शशिकला म्हणाली. "आणि चुण्या तिच्यापेक्षा जास्त घाला."