भरतीचा हुकूम

खाडीच्या पाण्यातला पारा मोजणाऱ्या ताईंना नव्या साहेबांनी आल्या आल्या बजावलं, “यापुढे खाडीवर फक्त भरतीला जायचं. ओहोटीला नुसती कारखान्यांची घाण हाती लागते आणि आपली नाचक्की होते.”

“साहेब, भरतीला समुद्राचं पाणी मिसळतं. आकडा खाली येणारच.”

“मग येऊ दे की! तीन महिने खाली राहिला की धक्क्यावरची ‘मासे खाऊ नयेत’ ही पाटी काढून टाकू.”

हे कानावर आलं तसा नावाडी मामा हबकला. त्याची सून पोटुशी होती, आणि त्या पाटीच्या धाकानेच घरातले खाडीची मासळी टाळत होते.

“ताई, तुम्हीसुद्धा मान डोलावून आलात?”

“मामा, देवावर भरवसा ठेवा आणि होडी भरतीलाच काढा.”

तीन महिन्यांनी पाण्याचे आकडे अगदी सोज्वळ निघाले. साहेब खुशीत पाटी काढायच्या कागदावर सही करणार, तोच ताईंनी दुसरा अहवाल पुढे सरकवला. त्यात पारा मर्यादेच्या नऊपट होता, आणि अहवालाची प्रत वरच्या कार्यालयात आधीच पोचली होती.

साहेब कडाडले, “म्हणजे माझा हुकूम मोडून ओहोटीला गेलात तर!”

 

“छे हो साहेब, मी भरतीलाच गेले आणि भरतीलाच परतले, पण पहिल्याच फेरीला धक्क्याखाली जिवंत शिंपल्या बांधून आले होते, त्यांनी पारा अंगात साठवत तीन महिने तिथली एकेक ओहोटी पिऊन काढली.”