मावशीचं घर

प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी पूर्ण सत्य बोलतो. तांबेशेठ ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलला, आणि त्याच्या स्वतःच्याच वकिलाने कपाळावर हात मारून घेतला.

"साहेब, ते दुमजली घर माझं आहे. चोरीच्या पैशातूनच बांधलंय. करा सरकारजमा!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. 'घर माझं आहे, घेऊ नका' हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. 'घर माझं आहे, घ्या' हे नवीन होतं.

वास्तविक सगळं ठरलेलं होतं. चोरीच्या तांब्याच्या तारा घ्यायच्या, वितळवायच्या आणि विकायच्या, हा तांबेशेठचा धंदा. त्यातून उठलेलं घर मात्र मेहुण्याच्या नावावर, म्हणजे सरकारला जप्त करता येऊ नये. मेहुणा घड्याळं दुरुस्त करायचा. स्वभावाने इतका गरीब की घड्याळाचा काटा चुकून वाकला तर त्या काट्याचीही माफी मागेल. अशा माणसाच्या नावावर घर ठेवणं म्हणजे तिजोरीत ठेवणं, असं तांबेशेठचं मत. तीन वर्षं तरी जावं लागेल, असं वकील मागच्या भेटीत म्हणाला होता. ठीक आहे. तीन वर्षं काढायची, बाहेर यायचं आणि आपल्या गच्चीवर पाय पसरून बसायचं.

त्या सकाळी पोलिसांनी त्याला कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसवलं, तेव्हा मेहुणा जवळ आला. बरोबर त्याची बहीण, म्हणजे तांबेशेठची बायको.

"भाऊजी, घर माझं आहे."

"वा! आत अगदी असंच सांग. मान जरा वर ठेव फक्त."

"आतलं नाही बोलत मी. तुम्हालाच सांगतोय."

तांबेशेठ आधी हसला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरची नोटीस वाचत होती. सोळा वर्षांच्या संसारात त्याने तिला लाइटबिलापलीकडे काही वाचताना पाहिलं नव्हतं.

"तीन वर्षांनी येतो, मग बघतो तुझ्याकडे."

"या ना," मेहुणा अदबीने म्हणाला. "पाहुणे म्हणून कधीही या."

ते 'पाहुणे' तांबेशेठच्या जिव्हारी लागलं. तुरुंग तर चुकत नाही. मग निदान घर तरी या साळसूदाच्या घशात जायला नको. सरकारच्या घशात गेलं तर चालेल, सरकार काही नातेवाईक नाही. म्हणून तो सत्य बोलला.

न्यायाधीशांनी मेहुण्याला पुढे बोलावलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे दुमजली घर कुठून आलं, असं विचारलं.

"मावशीची कृपा, साहेब. जाताना सगळं माझ्या नावावर करून गेली." मेहुण्याने रुमाल काढला. "तिचा विषय निघाला की मला बोलवत नाही."

"साहेब, याला मावशीच नाही!" तांबेशेठ ओरडला. "मी बनवलीय ती!"

हेही खरं होतं. मृत्युपत्र त्यानेच करवून घेतलं होतं, मावशीसकट. एका स्टुडिओत कोणी न्यायला न आलेला एका म्हातारीचा फोटो पडून होता, तो फ्रेम करून त्यानेच मेहुण्याच्या भिंतीवर टांगला होता. मृत्यूचा दाखलाही पैदा केला होता. जन्माचा राहिला होता, पण तो कोणी मागितला नाही. तांबेशेठने आयुष्यात हे एकच काम चोख केलं होतं.

न्यायाधीशांनी कागद उलटसुलट पाहिले. मग तांबेशेठच्या बायकोला विचारलं, "बाई, तुम्ही यांच्या सख्ख्या बहीण. मावशी होती का तुम्हाला?"

तांबेशेठ तिच्याकडे बघत राहिला.

"होती ना," ती म्हणाली. "फार जीव होता तिचा आमच्यावर."

गुन्हा कबूल असला की न्यायाला पाय फुटतात. जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. चोरीचा माल घेतल्याबद्दल सहा वर्षं. घराबद्दल न्यायाधीश म्हणाले, "एका बाजूला सही-शिक्क्याचे कागद आहेत. दुसऱ्या बाजूला शब्द आहे, तोही चोराचा. चोर आहे हे तो स्वतःच सांगतो." घर मेहुण्याकडे राहिलं. सरकारी वकिलाने जप्तीचा अर्ज घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

गाडी यायची होती. तांबेशेठचा वकील बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसला.

"कोणी सांगितलं होतं तोंड उघडायला?"

"तीन वर्षं जाणारच होतो ना. म्हटलं, जाता जाता त्याला पण बुडवू."

"कसली तीन वर्षं? सरकारचा एकुलता एक साक्षीदार काल उलटला. खटला पडला असता, जप्तीही टळली असती. तुम्ही आज संध्याकाळी घरी गेला असतात."

तांबेशेठ बाकावरून अर्धा उठला.

"मला का नाही सांगितलंत?"

"भेटीची वेळ संपली होती. घरच्यांना बोलावून सांगितलं, सकाळी तेवढा निरोप द्या म्हणून. दोनदा विचारलं मला, नक्की सुटणार का? मला वाटलं, आनंदाने विचारताहेत."

"मेहुण्याने विचारलं?"

"नाही," वकील म्हणाला. "वहिनींनी."