धोतरामागची रंगू

माझी बायको रंगू गेली, पण घरात तिचा एकही फोटो नव्हता. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं, तसा मी माझाच जुना फोटो घेऊन कोरेगावात क्रांती नावाच्या पोरीच्या फोटो स्टुडिओत गेलो. प्रौढ साक्षरता वर्गाच्या दाखल्यासाठी तीस वर्षांपूर्वी अंगणात काढलेला. मागं पांढरं पाहिजे होतं, म्हणून रंगू माझं धोतर दोन्ही हातांनी ताणून पाठीशी उभी राहिली होती. फोटोत तिची फक्त बोटं आली होती.

"हे पांढरं काढ," मी म्हणालो. "मागं ती हाय."

क्रांती हसली. "आवं आजोबा, पांढरं काढलं की मागं कायबी नसतंय. नुसतं चौकोन दिसत्यात."

"तू काढ तर."

तिनं फोटो संगणकावर घेऊन बटण दाबलं. पांढरं गेलं, आणि तिचं हसूही गेलं.

धोतराच्या जागी रंगू उभी होती. हात वर, पदर कपाळावर ओढलेला, तोंडावर तेव्हाचं लाजरं हसू. माझे डोळे भरून आले. "हाच छापून दे, पोरी."

क्रांतीनं फोटो मोठा केला आणि रंगूच्या मागं बोट दाखवलं.

तिथं आणखी एक पांढरं कापड होतं. त्याच्या वरच्या काठावरही दोन हातांची बोटं होती. डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं.

माझं तेच बोट गेल्या दिवाळीला कडबा कापायच्या यंत्रात तुटलं.

क्रांतीनं माझ्या डाव्या हाताकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, हेबी पांढरं काढू का?"